नागपूरला नेलेलं पीठ

दसऱ्याच्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "यंदा दिवाळीला नागपूरला जाऊ या."

माझा घास हातातच राहिला. बहिणीच्या लग्नाला त्या वर्षी सतरा वर्षं पूर्ण झाली होती आणि त्या सतरा वर्षांत आई एकदाही तिच्या घरी गेली नव्हती. बहीण दर दोन वर्षांनी साताऱ्याला यायची, महिनाभर राहायची. परत जाताना आई तिला स्टँडपर्यंत पोचवायची, एसटी वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची. पण नागपूरला चल म्हटलं की विषय बदलायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही असा रिवाज होता. बहुतेक घरांत तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप संपायचा. नातवंडाच्या बारशाला आजी जायची, पोटभर जेवायची आणि विषय मिटायचा. माझ्या बहिणीला मूल झालं नाही, म्हणून तो मिटला नाही. वडील तर तिचं घर न पाहताच गेले. त्या दसऱ्याला बहीण सदतीस वर्षांची होती, आई सदुसष्टची.

"तिथं जाऊन राहणार, मग जेवणार काय?" मी विचारलं.

"माझं मी नेणार. पीठ, तांदूळ, डाळ, चटणी. लेकीच्या घरी निजायला कुणी मनाई केलेली नाही."

मग आत्ताच का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सरळ उत्तर मिळालं नसतं.

मी पाटबंधारे खात्यात होतो. रोज सकाळी कालव्यावर जाऊन पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. त्यामुळे नऊ दिवसांचा शिधा मीच काढून दिला. आई दिवसाला दोन भाकरी खायची. शाळूचं पीठ एका गोल पितळी डब्यात दाबून भरलं. आत बोटं आडवी लावून पाहिलं तर अकरा बोटं भरलं. रोज एक बोट आणि वर थोडं, म्हणजे नऊ दिवसांत डबा रिकामा व्हायला हवा. मी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "तुम्ही कालव्यावरच राहा." आमची दोन्ही मुलं सुट्टीला मामाकडे गेली होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो.

धनत्रयोदशीला सकाळी नागपूर स्टेशनावर उतरलो. बहीण आणि मेव्हणे दोघं आले होते. बहिणीने आईला मिठी मारली, मग एकदम मागे वळून हमालाशी बोलायला लागली, "काहून गा, एवढं सामान पाहून घाबरला का? धर नं तो डबा, सांभाळून धर." मी बघतच राहिलो. साताऱ्याला आली की ती आमच्यासारखी बोलायची. इथे ती दुसरीच कुणी बाई होती. आईकडे वळली की पुन्हा जुनी. नऊ दिवस ती अशीच इकडून तिकडे जात राहिली, आणि आत्ता आपण कुठल्या बहिणीशी बोलतोय याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

त्यांचं घर महाल भागातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अरुंद गॅलरी. स्वयंपाकघरात बहिणीने एक कोपरा आधीच सारवल्यासारखा स्वच्छ करून ठेवला होता. तिथे वातीचा स्टोव्ह, नवा तवा, नवी परात, एक पाट. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "तवा तुझा चालेल. पीठ माझं."

पहिल्या दिवशी आईने आपल्या भाकरी आपण थापल्या. मी, बायको आणि मेव्हणे पलीकडे वडाभात, कढी आणि सांभारवडी खात होतो. सांभार म्हणजे तिकडे कोथिंबीर. आई भिंतीकडे तोंड करून चटणी-भाकरी खात होती. बहीण वाढत होती आणि दर वेळी तिचा हात आईच्या ताटाशी येऊन थांबायचा. मेव्हण्यांनी वातावरण हलकं करायला विचारलं, "आई, पाणी तरी घ्यान नं आमच्या घरचं?"

"पाणी नळाचं असतं. ते सरकारचं," आई म्हणाली.

"हाव, हे बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईचे हात दुखायला लागले, तेव्हा बहीण म्हणाली, "तुझ्याच पिठाच्या मी थापते. हात तेवढा माझा." आईने थोडा विचार केला आणि हाताला परवानगी दिली.

त्यानंतर सवलती वाढत गेल्या. लक्ष्मीपूजनाचा प्रसाद देवाचा, म्हणून चालला. बहिणीने शिऱ्याचा प्रसाद वाटीभर आणला. आईने चिमूटभर घेऊन वाटी मला दिली. पाडव्याला आम्ही अंबाझरीच्या तलावावर गेलो. बांधावर बसून मेव्हण्यांनी पिशवीतून संत्री काढली. आंबिया बहाराची म्हणजे दिवाळीच्या सुमारास पिकणारी, नरखेडकडून कुणीतरी पाठवलेली. आईने एक सोललं, दुसरं सोललं. फळ झाडाचं असतं, त्याला घर नसतं, असं तिने आपणहून सांगितलं.

"मंग भात बी वावरातलाच असते नं जी, आई," मेव्हणे म्हणाले.

"तुम्ही जावई. तुमच्याशी मी वाद घालायचा नाही."

"वाद मी कुठी घालून राहिलो? मी हिशोब विचारून राहिलो. ते काम तं तुमच्या मुलाचं आहे."

सगळे हसले. आईसुद्धा. बहीण हसली, पण तिने संत्र्याची सालं गोळा करायला घेतली आणि खाली मान घालून बराच वेळ गोळा करत बसली.

मी मात्र आईकडे बघून चक्रावलो होतो. साताऱ्याला कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत गेली तरी परत येताना दोनदा टेकणारी ही बाई. अंबाझरीला तिने बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. मी पावलं मोजत होतो, तीनशेच्या पुढे मोजदाद सोडली. अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, पेंढा भरलेल्या जनावरांपुढे ती एकेक करून उभी राहिली आणि प्रत्येकाचं वय मेव्हण्यांना विचारलं. मेव्हण्यांनी प्रत्येकाचं वेगवेगळं वय सांगितलं आणि तिने ते सगळं खरं मानलं. महाराजबागेत वाघ झोपलेला होता, तर तो उठेपर्यंत आपण थांबू म्हणाली. चौपन्न मिनिटं थांबलो. तो उठला नाही. तरी ती खूश.

दोन कोरड्या भाकरींवर माणूस एवढा चालतो कसा, हे मला कळेना. मी बायकोला म्हटलं, इथली हवा आईला मानवली. बायको म्हणाली, "हवाच असेल," आणि दुसरीकडे बघू लागली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी बहिणीने मला ओवाळलं. मी तिच्या घरी पुरणपोळ्या जेवलो. भावाला चालतं, आईला चालत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा मला विचित्र वाटलं. जेवण झाल्यावर हात धुवायला गेलो. मोरीशेजारीच आईचा डबा होता, झाकण जरा तिरकं. सवयीने मी आत बोटं आडवी लावली.

नऊ बोटं.

मी पुन्हा मोजलं. पाच दिवस झाले होते. सहा बोटं पीठ संपून पाच उरायला हवं होतं. बरं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी असंच सहज पाहिलं होतं तेव्हा साडेआठ बोटं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. म्हणजे पातळी नुसती थांबली नव्हती, अर्धं बोट वाढली होती. कालव्यात पाऊस नसताना पातळी वाढली तर एकच अर्थ असतो: वरून कुठूनतरी पाणी येतंय.

पहिला संशय बहिणीवर गेला. तिने आईला नकळत स्वतःच्या पिठाच्या भाकरी घातल्या असणार, असं माझ्या मनाने घेतलं. तिची तळमळ मला दिसत होती. पण आईने सतरा वर्षं पाळलेली गोष्ट तिला फसवून मोडायची, हे बरोबर नव्हतं. आणि मला कळलं असताना मी गप्प बसलो तर मीही त्यात आलो. दुसरीकडे, आईला सांगितलं तर ती त्याच दिवशी गाडीत बसेल आणि पुन्हा कधी या घरात पाय ठेवणार नाही, याची मला खात्री होती. अंथरुणावर पडून मी दोन्ही बाजू तोलल्या. एकही बाजू खाली जाईना.

सकाळी बहीण एकटी भाजी निवडत होती तेव्हा मी सरळच विचारलं, "आईच्या भाकरीला पीठ कुठलं घेतेस?"

तिचा चेहरा उतरला. "आईच्याच डब्यातलं, दादा. दुसऱ्या पिठाला हात लावत नाही मी. तुझी शपथ."

ती खोटं बोलत नव्हती. लहानपणापासून ती खोटं बोलताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. पाय शांत होते.

मग मेव्हणे उरले. त्यांचा चेष्टेखोर स्वभाव बघता हे त्यांचं काम असेल, असं मला वाटलं. त्याच दिवशी त्यांनी मला झिरो माइलचा खांब दाखवायला नेलं. चार दगडी घोडे, खांब, आणि कुठलं गाव किती मैल ते कोरलेला दगड. एरवी मी तिथे तासभर रमलो असतो. मी दगडाभोवती एक फेरी मारली, आमचं गाव त्यात नाही एवढं पाहिलं आणि त्यांना विचारलं, "आईच्या डब्यात पीठ तुम्ही टाकता का?"

ते माझ्याकडे वळले. "मी? भाऊ, आमच्या घरात पीठ कोणत्या पिप्यात असते ते मले माहीत नाही. चहाची साखर बी विचारून घेतो मी." मग म्हणाले, "वाढलं का पीठ?"

"अर्धं बोट."

"देशाच्या मधोमध उभे आहा भाऊ तुम्ही, आन अर्ध्या बोटाची गोष्ट करून राहिले."

पण परत येताना ते हसले नाहीत. सायकलरिक्षात बसल्यावर म्हणाले, "ती दिवाळीच्या आधीपासून झोपली नाही बरोबर. आई आपल्या घरी जेवन का नाही, एवढंच. मी म्हटलं, नाही जेवल्या तं नाही जेवल्या, आल्या तं सही. ऐकतच नाही. तुम्ही पाहा काही करता आलं तं."

आता मला काही करायचं होतं, पण काय झालंय तेच कळलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी बहीण आणि माझी बायको इतवारीत साड्या बघायला गेल्या. मेव्हणे ऑफिसात. मी पुढच्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो. आत आई निजली असेल अशी माझी समजूत. थोड्या वेळाने पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, मग वाटी घासल्याचा. मी उठून दारात गेलो.

आई जमिनीवर बसली होती. एका बाजूला बहिणीचा पिठाचा मोठा पिपा, दुसऱ्या बाजूला आपला पितळी डबा. पिप्यातून वाटी भरायची, डब्यात ओतायची, बोटाने सारखं करायची. दोन वाट्या माझ्यासमोर झाल्या. तिसरी भरताना तिने मला पाहिलं.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो.

"तिसऱ्या दिवसापासून?" मी विचारलं.

"मोजलंस होय? मोजणारच तू."

"अगं, मग उघड जेव ना. ती वेडी झाली आहे त्यासाठी. नाहीतरी तिचंच पीठ खातेस."

आईने वाटी पिप्यात ठेवली. "रिवाजाचं मला काही नाही. लोक माझ्या ताटात बघायला येत नाहीत. पण मी उघड जेवले तर ती काय समजेल? आईने आशा सोडली. आता काही होणार नाही, म्हणून आई जेवली. सतरा वर्षं मी जेवले नाही, त्याचा तिला तेवढा तरी आधार होता." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि न जेवता मरायचं तर तेही जमेना. म्हणून आले."

"पण तिला हे माहीतच नसेल तर तिला काय मिळालं?"

आईने पिप्याचं झाकण दाबून बसवलं. मी पिपा उचलून जागेवर ठेवला. तिने पदराने सांडलेलं पीठ पुसलं. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

पुढचे दोन दिवस आम्ही काय पाहिलं ते मला नीट आठवत नाही. तेलंगखेडीच्या मारुतीला गेलो, हे नक्की. पायऱ्या किती होत्या ते मी मोजलं नाही, हेही नक्की. माझ्यापुढे एकच प्रश्न होता. सांगितलं तर आईचा शब्द मोडतो. न सांगितलं तर आई येऊन गेली पण माझ्या घरचा दाणा तिच्या पोटात गेला नाही, हे घेऊन बहीण जन्मभर बसणार. आणि सांगितल्यावर तिला आनंद होईल की आईने आशा सोडली असं वाटेल, हेही मला ठरवता येत नव्हतं. माझ्या नोकरीत पातळी वाचून लिहायची असते. पाणी कुणाच्या शेतात जावं हे दुसरे ठरवतात.

नवव्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिचे डोळे सुजलेले होते.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "आली तशी चालली."

मला राहवलं नाही. पण आईने सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी फक्त आकडे सांगितले. "हे बघ. डबा आला तेव्हा अकरा बोटं होता. नऊ दिवस तू त्यातून तिला दोन-दोन भाकरी घातल्यास. आज सकाळी मी पाहिलं. अजून नऊ बोटं आहे. बाकीचं तू समज."

ती समजायला थांबलीच नाही. "मला चौथ्या दिवशीच समजलं, दादा. आपल्याकडचं शाळूचं पीठ पांढरंशुभ्र. इकडचं जरा पिवळट असतं, हाताला खरबरीत लागतं. डब्यातलं पीठ रोज थोडं थोडं पिवळं होत होतं. स्वयंपाकघरात दुपारी एकटी कोण असते, ते मला माहीत नाही का?"

"मग रडतेस कशाला? जेवली ना ती तुझं."

"चोरून जेवली, दादा. पोटच्या पोरीच्या घरी माझी आई चोरून जेवली." तिने ओला टॉवेल झटकला. "एकदा मागितलं असतं तोंडाने. मूल नाही झालं, ते मला कळतं. नाही होणार, हेही कळतं. ते तिने न जेवून झाकायची गरज नव्हती. पण हे मी तिला कसं सांगू?"

मला वाटलं होतं, दोघींपैकी एकीला काहीतरी ठाऊक नाही. दोघींना सगळं ठाऊक होतं. तरी दोघी एका स्वयंपाकघरात नऊ दिवस गप्प होत्या. आणि मधे उभा राहून मी बोटं मोजत होतो.

साडेदहाला बहिणीने वाटेसाठी भाकरी करायला घेतल्या. आमच्यासाठी पोळ्या झालेल्या होत्या, आईच्या भाकरी राहिल्या होत्या. आम्ही सगळे सामान बांधत तिथेच होतो. बायको चटणीची पुडी बांधत होती, मेव्हणे दारात उभे राहून होल्डॉलचे पट्टे आवळत होते. बहिणीने तवा ठेवला, परात पुढे ओढली आणि सवयीप्रमाणे आईच्या डब्याकडे हात नेला. तो तसाच झाकणावर ठेवून ती थांबली.

"आई, पीठ कुठलं घेऊ?"

एरवी तिने हे कधी विचारलं नव्हतं. मेव्हण्यांनी पट्टा सोडला. आई खिडकीशी बसून जपमाळेची पिशवी शोधत होती. तिने वर पाहिलं. आधी माझ्याकडे. मी तिला काही सांगितलेलं नाही, अशा अर्थाने मी मान हलवली. मग लेकीकडे.

"माझं संपलं," आई म्हणाली. "तुझं घे."

झाकण अर्धवट उघडं होतं. आत नऊ बोटं पीठ सगळ्यांना दिसत होतं. मेव्हण्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकून पट्टा आवळायला लागले. एखाद्याने आकडा चुकीचा सांगितला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे माझ्या बायकोला माहीत आहे. तिने चटणीची पुडी माझ्या हातात ठेवली आणि धरून राहा म्हणाली. मी धरून राहिलो.

आई खोटं बोलली की खरं, हे मला आजही सांगता येत नाही. रोज दोन भाकरींचं मिश्र पीठ काढायचं आणि तेवढंच दुसरं घालायचं, असं होत गेलं तर साताऱ्याचं किती उरलं असेल, हे मी गाडीत वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत कागदावर मांडून पाहिलं. थोडं उरतंच. पण किती, ते नक्की निघेना. आणि आशा सुटली की नाही, ते तर कशातूनच निघत नव्हतं.

बहिणीने मोठा पिपा ओढला. दोन ओंजळी पीठ परातीत घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागली. "किती करू?" तिने मान वर न करता विचारलं.

आई पाटावर येऊन तिच्याशेजारी बसली. "तीन कर," ती म्हणाली. "एक इथंच खाते. गरम."